शेजाऱ्याच्या ताटातला घास

बायको गेल्यावर नोव्हाय या अमेरिकन उपनगरात माझ्याशी रोज बोलणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे शेजारचा इथिओपियन म्हातारा. मुलगा क्युपर्टिनोहून रविवारी फोन करतो, "बाबा, घर सेल करा, इकडे मूव्ह व्हा," म्हणतो आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून देतो. रविवारी कसली डोंबलाची मीटिंग, हे मी विचारत नाही.

शेजारी तरुणपणी बंडखोरांबरोबर डोंगरात लढलेला. हुकूमशहा पळाला, बंडखोर राजधानीत शिरले आणि त्यांचंच सरकार झालं. हा त्या सरकारच्या वकिलातीत अमेरिकेत आला आणि इथलाच झाला. आम्ही प्रत्येक जमातीला तिची भाषा, तिचा प्रांत दिला, असं तो छाती फुगवून सांगे. भाषावार राज्यांच्या देशातून आलेला मी खवचटपणे विचारी, "मग आता एकमेकांवर बंदुका का?" तो विषय बदलायचा.

त्याची बायको दुसऱ्या जमातीची होती. तिचा भाऊ सरकारविरुद्ध बोलला, तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. आई वारल्यावर त्यांच्या मुलीला हे मावसभावंडांकडून समजलं. तेव्हापासून ती बापाच्या घरी आली नव्हती.

त्यांच्या इथिओपियन नव्या वर्षाला येते म्हणाली, तेव्हा म्हातारा हरखला. "तूही ये. तिसरा कोणी असला की बरं पडेल," म्हणाला. त्यांच्यात सगळे एकाच ताटात जेवतात, ज्याच्यावर जीव त्याला आपल्या हाताने भरवतात, आणि तो घास नाकारणं म्हणजे मोठा अपमान. उष्ट्याखरकट्याच्या धाकात वाढलेला मी. सुरुवातीला मला हे फार जड गेलं होतं.

मुलगी आली ती कोट न काढताच बसली. म्हाताऱ्याने आंबट भाकरीत मटण गुंडाळून पहिला घास तिच्यापुढे धरला. तिने तोंड उघडलं नाही.

"डॅड, मामा जेलमध्ये होता हे तुला माहीत होतं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"आम्ही तेव्हा देश उभा करत होतो."

"मी मामाचं विचारतेय."

रस्सा त्याच्या मनगटावर ओघळला. बोल ना एकदाचं, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "एक फोन केला असता तर सुटला असता. पण पक्षात माझ्याकडे संशयाने बघितलं असतं."

ती उठली आणि गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी त्याचा हात खाली येईना. मग तो हात हळूहळू माझ्याकडे वळला.

मला त्या माणसाची किळस आली होती. तो घास मला नको होता. पण नाही म्हटलं असतं, तर त्या घरात पुन्हा पाऊल टाकता आलं नसतं, आणि बोलायला जावं असं दुसरं घर मला नव्हतं. मी तोंड उघडलं.