महालाचा पडदा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्या माझ्या आईला तर बिलकुलच नाही. ती गेली. आता विचारणारं कोणी उरलं नाही, तेव्हा बोलतोय — की असलं काही बोलायची हिंमत विचारणारे गेल्यावरच येते? मला माहीत नाही. तुम्ही ऐका. मी अडखळलो तर थांबा जरा.

आधी माझ्याविषयी. आमच्या वस्तीत बी.ए. झालेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा आईनं आख्ख्या वस्तीला गूळ वाटला होता. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, उगाच लपवत नाही. बाप मी लहान असतानाच गेला. मग आई मला घेऊन तिच्या भावाकडे आली — बदनापूरच्या पलीकडं, तीन कोसांवर. मी वाढलो ते मामाच्या घरात, मामाच्या ताटात.

मामा पडदे रंगवायचा. नाटकाचे पडदे. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीच्या पेट्या उचलायला गेला आणि तिथल्या रंगाऱ्याच्या हाताकडे बघत बघत शिकून आला. सरस शिजवायचा, त्यात गेरू, नीळ, काजळी कालवायचा, आणि अंगणात मांजरपाट अंथरून त्यावर चक्क गुडघ्यांवर चालत जंगल उभं करायचा. महाल उभा करायचा. महाल त्यानं जन्मात पाहिला नव्हता. खांब कसे काढलेस म्हणून एकदा विचारलं तर म्हणाला, बदनापूरच्या स्टेशनाचे हायेत, फकस्त नक्षी माझी.

तर — सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना अजून जिल्हा झाला नव्हता. मला तिथं एका सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि मी खोली शोधायला लागलो. पहिल्या घरी विचारलं, कोण तुम्ही? मी म्हणालो, बौद्ध. खोली कालच दिली म्हणाले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर बाई आत निघून गेल्या, परत आल्याच नाहीत. चौथं घर एका वकीलसाहेबांचं. त्यांनी विचारलं, नाव? मी म्हणालो, जाधव. आता जाधव या आडनावात सगळेच मावतात. ते पुढं काही विचारायच्या ऐवजी हसले आणि किल्ली आणायला आत गेले. मी गप्प राहिलो.

तो पहिला गप्पपणा मी स्वतःला माफ करू शकतो. पण पुढचं?

माणसं चांगली होती हो. सणाला ताट यायचं. वकिलीणबाई मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढायच्या. मी जेवायचो, आणि प्रत्येक घासाला वाटायचं, आज कळलं तर? मामा महिन्यातून एकदा जालन्याला यायचा, रंग घ्यायला. त्याला मी कधी खोलीवर आणलं नाही. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा पाजून तिथूनच लावून द्यायचो. घरमालक कडक आहेत, पाहुणे चालत नाहीत, असं सांगितलं होतं. तो म्हणायचा, "शहरात असंच असतंय, बाबू." त्याला काय कळत होतं आणि काय नाही — हे मी तेव्हा विचारलं नाही, स्वतःलाही नाही.

वकीलसाहेब गावातल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष होते. एका वर्षी मंडळानं ठरवलं की गावातल्या कलावंतांचा आणि कलेला हात देणाऱ्यांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. एक तबलजी, एक कीर्तनकार, नाटकात बायकांची कामं करणारे एक म्हातारे गृहस्थ, आणि मंडळाला वर्षानुवर्षं खर्चाला पैसे देणारे कापसाचे एक शेठ. मानपत्रं लिहायचं आणि सूत्रसंचालनाचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं, भाषा चांगली. मी फुगलो होतो. खोटं कशाला सांगू?

यादी करता करता वकीलसाहेब एका संध्याकाळी ओट्यावर म्हणाले, "जाधव, आपल्या महालाच्या पडद्याचा रंगारी राहिलाच की. शेठनी वीस वर्षांमागं कुणाकडून तरी करून घेतला. खरात म्हणून होता, बदनापूरकडचा. तुम्ही तिकडचेच — बघा सापडतो का."

लहानू खरात. माझा मामा.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण मी स्वतः इतकी वर्षं इथंच येऊन वळसा घेतो. ते त्याला बोलवत होते. आपण होऊन, नाव घेऊन, आडनावावरून जात ठाऊक असून बोलवत होते. त्याला मंचावर खुर्ची मिळणार होती. भोंग्यातून आपलं नाव निघावं, एवढीच त्या माणसाची हौस होती. जत्रेत नटांची नावं पुकारायचे, पेटीवाल्याचं पुकारायचे, पडदेवाल्याचं कधी कुणी घेतलं नाही. अडवणारं कोणीच नव्हतं. मी सोडून.

कारण मामा मंचावर आला असता तर त्यानं मला बाबू म्हणून हाक मारली असती. जयभीम घातला असता. पाठीवर थाप मारून शेजारच्याला सांगितलं असतं की हा माझा भाचा. आणि समोर वकिलीणबाई बसलेल्या असणार.

मी चार दिवस काही बोललो नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, "चौकशी केली साहेब. तो वारला म्हणतात."

बाहेरगावी आहे म्हणता आलं असतं. आजारी आहे म्हणता आलं असतं. पण मग त्यांनी निरोप धाडला असता, पुढच्या वर्षी बोलावलं असतं. मेलेल्या माणसाला कोणी पुन्हा बोलवत नाही. हे मी त्या चार दिवसांत बराबर मोजून काढलं होतं. घाबरून तोंडातून गेलं, असं नाही.

वकीलसाहेब हळहळले. म्हणाले, मग मरणोत्तर करू. तुम्ही मानपत्र लिहा.

मी लिहिलं. चांगलं लिहिलं. वर लिहिलं 'कैलासवासी'. आमच्यात आता कालकथित म्हणतात, तेही मला ठाऊक होतं. त्या एका शब्दावरून कुणाला माझ्याविषयी शंका येईल म्हणून मी कैलासवासी लिहिलं. जिवंत माणसाला मारलं, आणि मारताना त्याचा धर्मही काढून घेतला.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. मंचाच्या मागं महालाचा पडदाच लावला होता, मुद्दाम. मी माइकपाशी उभा, नवा शर्ट, छातीला बिल्ला. तबलजींचं झालं, कीर्तनकारबुवांचं झालं. शेठचं मानपत्र वाचताना टाळ्या थांबेनात. आणि टाळ्या वाजत असताना मला मामा दिसला.

चौथ्या रांगेत. कडेच्या खुर्चीवर. निळीतून काढलेलं धोतर, पांढरी टोपी. नंतर कळलं, बदनापूरच्या चहाच्या टपरीवर हँडबिल चिकटवलं होतं, सत्काराची नावं नसलेलं, ते एका मास्तरांनी त्याला वाचून दाखवलं. बोलावणं नव्हतं त्याला. नुसता बघायला आल्ता. माझ्याकडे बघत नव्हता तो — माझ्या मागं, पडद्याकडं बघत होता.

थांबता आलं असतं का? आलं असतं. कागद खिशात घालून पुढच्या नावाकडं जाता आलं असतं. पण पत्रिकेत छापलेलं होतं, वकीलसाहेब मागं बसले होते, आणि मी... मी वाचलं. 'कैलासवासी लहानू खरात.' भोंग्यातून नाव निघालं. त्याच्या कुंचल्यावर मी काय काय अलंकार चढवले होते, ते सगळे वाचले. शेवटी कागदावर लिहिलं होतं ते म्हणालो — दिवंगत कलावंताला श्रद्धांजली म्हणून आपण एक मिनिट उभं राहू या.

सगळे उठले. खुर्च्या सरकल्या.

मामाही उठला.

आजूबाजूच्यांकडं एकदा बघितलं, आणि इतरांसारखे हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. एक मिनिट. तुम्ही कधी घड्याळ लावून एक मिनिट मोजलंय?

मिनिट संपलं. वाटलं, निभलं. तेवढ्यात वकीलसाहेबांनी माइक घेतला आणि विचारलं, त्या भागातलं कुणी आलंय का इथं, ही शाल त्यांच्या घरी पोचवणारं? कोणी हललं नाही. मग मामा कडेकडेनं चालत पुढं आला, पायऱ्या चढला.

वकीलसाहेबांनी विचारलं, तुम्ही खरातांचे कोण?

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच. राग नव्हता त्यात. मी रागासाठी खूप शोधलंय त्या नजरेत, नंतर, कितीतरी वेळा.

"गाववाला हाय जी," तो म्हणाला. "वळख व्हती."

वकीलसाहेब मला म्हणाले, जाधव, द्या त्यांच्याकडं. मी शाल उचलली. खांद्यावर घालायची नव्हती, हातात द्यायची होती, निरोप्याला देतात तशी. तशीच दिली. पहिल्या रांगेतून कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, बाबा, वाटेत आठवडी बाजारात विकू नका. लोक हसले. मीही हसलो. हे तोंडातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला — मीही हसलो.

मामा हसतच म्हणाला, "न्हाई जी. मेलेल्याची वस्तू हाय, असं करून कसं चालंल?" आणि माझ्याकडं वळून, "पोचती करतो, साहेब."

साहेब. ज्यानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्यानं.

मी त्याला स्टेशनापर्यंत सोडायला गेलो नाही. मंचामागं फोटो चालले होते.

पुढच्या रविवारी गावी गेलो. काय बोलायचं ते गाडीत पाठ करत गेलो. तो अंगणात बसला होता. आईनं चहा आणला, ती हसत-बोलत होती, म्हणजे तिला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. ती आत गेल्यावर मामा म्हणाला, "बाबू, पडद्याचा खालचा काठ उंदरानं कुरतडलाय. सांग त्यांला. वरची नीळ मात्र चांगली टिकली." मी म्हणालो, सांगतो. बस. पाठ केलेलं त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. शाल कुठं आहे ते मी विचारलं नाही, त्यानं दाखवली नाही. उंदराचंही मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर जालन्याला आला तरी तो मला भेटायचा नाही. रंग घेऊन परस्पर जायचा. एकदा बाजारात, वकीलसाहेबांबरोबर चाललो असताना, समोरून आला. त्यानं रस्त्याची बाजू बदलली. मी हाक मारली नाही.

काही वर्षांनी मला सरकारी क्वार्टर मिळालं. दारावर पूर्ण नाव लावलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. वकीलसाहेब एकदा येऊन चहा घेऊन गेले. जाताना तसबिरीकडं बघितलं. त्यांनी मला काढलं असतं की ठेवून घेतलं असतं, ते मला कधीच कळणार नाही. मी त्यांना ती वेळच दिली नाही.

मामा त्या सत्कारानंतर नऊ वर्षं जगला. मेला तेव्हा कचेरीत रजेच्या अर्जावर मी 'खासगी काम' लिहिलं. जालन्यात कुणाला कळवणार? कुणाला काय सांगणार — की ज्याच्यासाठी तुम्ही उभे राहिलात तो काल वारला? त्याला मी आधीच मारून ठेवलं होतं, माझ्या सुंदर अक्षरात. त्यानं ते मरण माझ्यासाठी चारचौघांत कबूल केलं, आणि नऊ वर्षं निभावलं.

तेव्हा मानपत्रातली नोंद चुकीची आहे, एवढं लिहून घ्या. लहानू खरात त्या रविवारी जिवंत होते. माझ्या आईचे सख्खे भाऊ. चौथ्या रांगेत बसले होते.