स्किपचा डावा गुडघा

स्किप सूप मागवतानासुद्धा तोंडावर टोपी धरायचे. मैदानाजवळच्या डायनरमध्ये वेट्रेस पेन सरसावून उभी, आणि हा साठीच्या घरातला धिप्पाड माणूस टोपीआडून पुटपुटतोय, "चिकन नूडल." तिला ऐकू जायचं नाही. तिनं पुन्हा विचारलं की ते आधी मागच्या टेबलाकडे बघून घ्यायचे. तिथे बहुतेक वेळा एखादं म्हातारं जोडपं शांतपणे पॅनकेक खात असायचं. "सगळेच शांतपणे खातात," स्किप म्हणायचे. "ऐकायचं असलं की माणूस शांतच बसतो."

बेसबॉलमध्ये मॅनेजरला सगळे 'स्किप' म्हणतात. हा मॅनेजर म्हणजे हॉटेलं बुक करणारा नव्हे. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कोणी कधी पळायचं, हे सगळं तो ठरवतो. आमची टीम पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावाची, सगळ्यात खालच्या पायरीवरची. गावात एक डायनर, एक बंद पडलेली गिरणी आणि हे मैदान.

तरुणपणी स्किप कॅचर होते. कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर, फक्त सगळा वेळ उकिडवा. पिचरनं कोणता चेंडू टाकायचा हे तो मांड्यांच्या मधे बोटं धरून सांगतो, आणि समोरच्या टीमचं निम्मं लक्ष ती बोटं चोरून बघण्यात असतं. स्किपनी अर्धं आयुष्य अशी बोटं लपवण्यात काढलं, तेही छोट्या छोट्या गावांमध्ये, बसनं फिरत. मोठ्या लीगमध्ये ते एकाच उन्हाळ्यापुरते पोचले, तिथल्या कॅचरचा अंगठा मोडला म्हणून. अंगठा बरा झाला आणि स्किप परत बसमध्ये येऊन बसले. "फारच लवकर बरा झाला तो अंगठा," ते सांगायचे. "माझा खेळ चांगला होतोय हे कोणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार." पुढे गुडघे गेले आणि ते मॅनेजर झाले. बस तीच राहिली.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा न्यूयॉर्कचे टॉवर पडून दोन वर्षं व्हायची होती. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात, तिथल्या विद्यापीठात, स्टॅटिस्टिक्स शिकत होते. टीमच्या नव्या मालकांना आकड्यांची हौस होती, म्हणून उन्हाळ्यापुरतं मला कामाला घेतलं. काम माझ्या स्वभावाला साजेसं होतं. बॅट्समनच्या मागे, जाळीआड बसायचं, प्रत्येक चेंडूचा वेग मोजायचा, काय झालं ते लॅपटॉपवर टिपायचं. कोणाशी बोलायची गरज नाही. पुण्यात कॉन्व्हेंट शाळेत इंग्रजीत आणि घरी मराठीत, दोन्हीकडे मी कमीच बोलत आले होते.

पहिल्याच दिवशी स्किप जाळीपाशी आले. टोपी तोंडावर.

"ए कॉलेज, तुला कोणी पाठवलं?"

"ऑफिसनं."

"ते माहीत आहे. कशाला पाठवलं?"

"आकडे टिपायला."

"आकडे तर बोर्डावर लागतात. फुकट दिसतात." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तू फार कमी बोलतेस. मला नाही आवडलं ते."

त्या दिवसापासून माझं नाव कॉलेज पडलं. स्किपचा संशय अगदीच हवेतला नव्हता, हे मला दोनच आठवड्यांत कळलं. ऑफिसचा प्रमुख माझ्याहून थोडाच मोठा, सतत हसरा माणूस होता. त्यानं एकदा कॉफी हातात देत सहज विचारलं, "म्हाताऱ्याचे कुठले निर्णय चुकतात, तेही टिपशील ना? सीझन संपला की बघू." स्किपचा करार त्या सीझनपुरताच होता. तो करार गेला असता तर त्यांना त्या वयात दुसरी टीम मिळणार नव्हती, हे बाकावरच्या पोरांनाही ठाऊक होतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण तेव्हापासून मलाही त्या हसण्याचा संशय येऊ लागला.

एका रविवारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून मावशी आली, बेसनाचे लाडू घेऊन. तिला मुळात या नोकरीचाच संशय होता. "कसली गं इंटर्नशिप ही, उन्हात बसायची? आणि तो बॉस तोंड झाकून का बोलतो? दात नाहीत का?" तिनं डबा पुढे केला तसे स्किप एक पाऊल मागे सरले. त्यांनी एक लाडू उचलला, वास घेतला आणि शेजारी उभ्या असिस्टंट कोचच्या हातात ठेवला. त्यानं तो खाल्ला. स्किप त्याच्याकडे टक लावून बघत उभे राहिले.

"अगं, मी काय विष घातलंय का यात?" मावशी म्हणाली.

"काय म्हणाली ती?" स्किपनी मला विचारलं.

"म्हणाली, तुम्हीही घ्या."

"खोटं. तसं बोलताना कोणी कमरेवर हात ठेवत नाही." पण त्यांनी लाडू घेतला. मग आणखी एक. मग डबाच काखेत धरून ते आत गेले. मावशी गाडीत बसताना म्हणाली, "संशयी आहे, पण खातो मनापासून. डबा तेवढा परत माग हं."

चेंडूचा वेग मोजायचं यंत्र दिसायला पिस्तुलासारखं असतं. ते दिवसही असे होते की सावळ्या माणसाच्या हातातलं काहीही लोकांना खटकायचं. एका दुपारी एका प्रेक्षकानं गार्डला बोलावून माझ्याकडे बोट दाखवलं. ही कोण आहे, सारखं काय रोखते, काय लिहून घेते? गार्डनं माझं ओळखपत्र मागितलं. मी घाईघाईनं बॅग उघडली. बॅगेतले कागद खाली सांडले. खेळ थांबला होता. स्किप मैदानातून लंगडत जाळीपर्यंत आले आणि पहिल्यांदाच टोपी न धरता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हिच्यावर संशय मी घेतोय. मे महिन्यापासून. तुम्हाला घ्यायचा असेल तर माझ्यामागे लाइनीत उभे राहा."

लोक हसले. तो प्रेक्षक खाली बसला. मी आभार मानायला गेले तर स्किप टोपीआडून म्हणाले, "मी गंमत केली नाही."

आता खुणांबद्दल सांगायला हवं. आमच्या पायरीवर मॅनेजर स्वतः तिसऱ्या बेसपाशी, म्हणजे पळणाऱ्याच्या वाटेवरच्या तिसऱ्या थांब्यापाशी, उभा राहतो आणि खेळाडूंना हातांनी खुणा करतो. टोपी, कान, नाक, पट्टा, कोपर. यातल्या बहुतेक खुणा खोट्या असतात, कारण समोरची टीमही बघत असते. स्किपच्या खुणा म्हणजे अंगावर मुंग्या चढल्यासारखा प्रकार होता. पट्ट्याला हात म्हणजे पळ. छातीवरून आडवा हात फिरवला की आधीचं सगळं पुसून टाकलं, विसरा. पण तीही खूण कधी खरी, कधी खोटी. कुठली खरी, ते खेळाडूंना दर सामन्याआधी नव्यानं सांगितलं जायचं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण रोज तासन् तास समोर बसून जुलैपर्यंत मला ते दिसायला लागलं, आणि तेही हातांवरून नाही. खोट्या खुणा करताना स्किप सैल असायचे. खरी खूण आली की ते स्थिर व्हायचे, आणि स्थिर होण्यासाठी दुखऱ्या डाव्या गुडघ्यावरचा भार उजव्या पायावर घ्यायचे. डावी टाच जरा उचलली जायची. लगेच पुढची खूण खरी.

मी हे कोणाला सांगितलं नाही. स्किपना सांगावं, तर मी त्यांच्यावर नजर ठेवते हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

मग ऑगस्टमध्ये आमचे खेळाडू पळायला लागताच बाद होऊ लागले. समोरच्यांना सगळं आधीच कळत होतं. स्किपनी एकेकाला आत बोलावलं. असिस्टंट कोचला, पिचरना, गवत कापणाऱ्यालासुद्धा. शेवटी मला.

"आपल्या खुणा कोणीतरी फोडतंय. तुला येतात का त्या?"

घरी कोणी असं विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण ते माझ्या हातांकडे बघत होते.

"येतात," मी म्हटलं. "पण मी कोणाला सांगितल्या नाहीत. तुमचा गुडघा सांगतो."

मी उभी राहून त्यांची नक्कल करून दाखवली. टोपी, नाक, कान, मग टाच उचलून पट्टा. त्यांनी भिंतीला टेकलेली बॅट उचलली, परत ठेवली.

"सगळ्यांवर लक्ष ठेवलं मी," शेवटी ते डावा गुडघा दाबत म्हणाले. "यालाच तेवढं सोडलं."

मग टोपी तोंडावर गेली. "ऑफिसला हेच हवंय. 'म्हाताऱ्याला उभं राहता येत नाही, घरी पाठवा,' म्हणतील. जाणार का हे त्यांच्याकडे?"

"माझ्या तक्त्यात गुडघ्याचा रकाना नाही," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. विश्वास बसला असं काही त्या 'हं'वरून वाटलं नाही.

उरलेला सीझन ते डाव्या पायावर घट्ट उभे राहिले. टाच एकदाही हलली नाही. सामना संपला की कोणी बघत नाहीसं पाहून ते कुंपणाला धरून उभे राहायचे, तोंड पांढरं पडलेलं असायचं. खुणा फुटायच्या थांबल्या. हसऱ्या प्रमुखानं मला पुन्हा कॉफी दिली आणि विचारलं, "मधे खुणांचं काय झालं होतं गं?" मी म्हटलं, "मला बेसबॉल फारसं कळत नाही." तो हसला. मीही हसले.

तरी सीझन संपल्यावर स्किपचा करार वाढवला नाही. मालकांना कोणीतरी तरुण हवा होता. कारण विचारलं तर म्हणे, नवी दिशा.

आता मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला नोकरी करते. हल्ली रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीत माणसं कमी केल्याची बातमी असते. परवा आमच्या बॉसनं मीटिंग घेऊन सांगितलं, इथं कोणालाही काळजीचं कारण नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी टेबलाखाली त्याचे पाय बघत होते. घरी येऊन सीव्ही नीट केला. ही सवय स्किपची.

त्या सीझनच्या शेवटच्या दिवशी स्किप पार्किंगमध्ये पिकअपमध्ये बॅगा चढवत होते. मावशीचा डबा त्यांनी सकाळीच माझ्या खुर्चीवर ठेवला होता, धुऊन पुसून. मी बरीच लांब उभी होते. जवळ जाऊन बोलायचं धैर्य गोळा होईना. त्यांना काय वाटत असेल ते मला माहीत होतं. गुडघ्याची गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्यांची नोकरी गेली होती.

"स्किप, मी सांगितलं नाही," मी लांबूनच ओरडले. माझा आवाज इतका मोठा निघू शकतो हे मलाच माहीत नव्हतं.

ते वळले. माझ्याकडे बघत राहिले, पहिल्या दिवशी जाळीपाशी बघितलं होतं तसेच. मग बॅग खाली ठेवली आणि खुणा करायला लागले. टोपी, कान, नाक, पट्टा, कोपर, पुन्हा कान. मी सवयीनं त्यांचे हात सोडून पायांकडे बघितलं. महिनाभर दातावर दात दाबून जमिनीला चिकटवून ठेवलेली ती डावी टाच त्यांनी सावकाश, मला नीट दिसेल अशी उचलली.

आणि मग छातीवरून हात आडवा फिरवला.