मामा तलावाचे राजेसाहेब

मतदानाच्या दिवशी आमच्या गावचे राजेसाहेब शाळेसमोरच्या चिंचेखाली खुर्ची टाकून दिवसभर बसायचे, आणि मत मात्र कधी द्यायचे नाहीत. "इंग्लंडचा राजा मत देते का?" ते विचारायचे. "तुमी निवडा. मंग आमी त्याले सरकार बनवाले सांगतो." खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली विटेचा तुकडा लागायचा. तो तुकडाही ते घरून घेऊन यायचे.

मुळात हे राजे कसले! आजोबा मालगुजार, म्हणजे इंग्रजांसाठी गावाकडून सारा वसूल करणारे. मालगुजारी गेली, शेती भाऊबंदकीत गेली, आजोबांनी बांधलेला तलाव सरकारजमा झाला. माजी मालगुजारी म्हणून असल्या तलावांना आमच्याकडे मामा तलाव म्हणतात. राजेसाहेबांकडे उरली ती खुर्ची आणि तोंड.

ते तोंड चहाटपरीवर सुटायचं. मोबाईलवर इंग्लंडच्या निवडणुकीच्या बातम्या बघायच्या आणि आम्हाला हिणवायचं. "पाहा, तिथं परधान हरला का दुसऱ्या दिवशी राजाकडे जाऊन राजीनामा देते अन् सामान उचलते. आपल्या इथी पडलेला माणूस पाच वर्षं बॅनरावरून उतरत नाई." मी विचारलं, "अन् राजा काय करते?"

"काईच नाई करत! थेच त्याचं काम हाय. भाषणसुदा परधान लिहून देते, राजा फक्त वाचते." बसून राहण्याचा एवढा गर्व मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

एकदा नव्या खासदाराची गाडी गावाजवळ तापून बंद पडली. ड्रायव्हर कॅन घेऊन नेमका राजेसाहेबांच्या दारात पाणी मागायला आला. राजेसाहेबांनी घाईघाईने कोट चढवला, पाणी दिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सांगा तुमच्या साहेबाले, बनवा सरकार. आमची परवानगी हाय." ड्रायव्हर बिचारा हो म्हणून गेला. ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षं आम्हाला ऐकावी लागली.

एक मान मात्र त्यांचा खरा होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासेमारीच्या पहिल्या दिवशी पहिलं जाळं मालगुजाराच्या घरच्याने टाकायचं. त्याआधी कुणी ढिवर, म्हणजे आमच्या मासेमार जातीतलं कुणी, पाण्यात पाय घालत नाही. आमच्या गावचा नाही आणि आसपासच्या गावांतलाही नाही. राजेसाहेबांचं जाळं कधी धड उघडलं नाही. गोळा होऊन धपकन पडायचं. माझी माय हसू दाबून म्हणायची, "टाकलं बापा, चला."

गेल्या लोकसभेच्या वेळी मासेमारीच्या दिवशीच एक उमेदवार तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हजर झाला. सोबत फोटोवाले, आणि त्याचा साळा. साळ्याने शेजारच्या गावांतले ढिवर मजुरीने आणले होते. आता तलाव साळा बघणार, गावाचा विकास होणार, असं उमेदवाराने हसत सांगून टाकलं. मायचा चेहरा उतरला. आमचं वर्ष त्या तलावावर निघतं. राजेसाहेबांच्या गळ्यात मोठा हार पडला, आणि मी मनात म्हटलं, संपलं. हा माणूस हारासाठी तलावच काय, चिंचही देऊन टाकेल.

"टाका राजेसाहेब, पहिलं जाळं," उमेदवार म्हणाला.

राजेसाहेब खुर्चीत बसले. जाळं मांडीवर घेतलं. "निवडणूक चालू हाय," ते म्हणाले. "राजा कोणाच्याच बाजूनं हात हालवत नाई."

आणि खरंच हलवला नाही! ऊन चढलं, हार सुकला, उमेदवार गोड बोलून पाहू लागला, मग ओरडू लागला. साळ्याने मजुरांना पाण्यात ढकलायचं तेवढं बाकी ठेवलं. एकही उतरला नाही. "मान झाल्याबिगर कसं उतरू, भाऊ?" ते म्हणत राहिले. शेवटी गाड्या निघून गेल्या. जन्मभर काही न करण्याचा सराव त्या दिवशी कामी आला, आणि मला त्या माणसाचा असा लळा लागला की माझाच मला राग आला.

मतदान झाल्यावर त्यांनी जाळं टाकलं. गोळा होऊनच पडलं. उमेदवारही पडला, साळा पुन्हा दिसला नाही.

मागच्या पावसाळ्यात राजेसाहेब चंद्रपूरच्या दवाखान्यात वारले. पोरबाळ नव्हतं. यंदा, त्या निवडणुकीत जिंकलेल्याचा भाचा तलावावर डोळा ठेवून गावात चकरा मारू लागला. सगळ्यांना एकच विचारायचा, "आता पहिलं जाळं कोण टाकून राह्यलं?" दोघातिघांची नावं पुढे येऊ लागली, तशी माय बैठकीत उठून उभी राहिली.

"जित्या माणसाले मान देऊ नका," ती म्हणाली. "जिता माणूस फिरते."

मासेमारीच्या दिवशी आम्ही ती लंगडी खुर्ची पाळीवर ठेवली. पायाखाली विटेचा तुकडा लावला, जाळं खुर्चीला टेकवलं. "टाकलं बापा, चला," माय म्हणाली, आणि या वेळी तिला हसू आलं नाही. सगळे पाण्यात उतरले. भाचा हातात हार घेऊन बराच वेळ खुर्चीसमोर उभा होता. तिच्याशी काय बोलावं, ते त्याला सुचेना.