दिवेकाकांचा चुकलेला निकाल

उबवणी केंद्रात दिवेकाकांचा शब्द शेवटचा. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं, मनगट हलकेच फिरवायचं आणि निकाल द्यायचा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की अंडं परत उबेला. नुसताच काळा डाग, शिरा नाहीत, म्हणजे आतला जीव गेला, अंडं बाद. या निकालावर मालकसुद्धा हुज्जत घालत नसत. माणूस मात्र असा लाजाळू, की बनियन विकत घेतानाही दुकानदाराच्या नजरेला नजर देत नसे.

नेमकी अशा माणसाच्या वृषणाच्या पिशवीला एका बाजूने सूज आली. दुखत नव्हती, पण वाढत होती. काकांनी तोंडातून ब्र काढला नाही. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी अंधाऱ्या खोलीला आतून कडी घातली आणि आपला भरवशाचा दिवा स्वतःलाच लावून पाहिला. सूज लालसर उजळली. एका कडेला काळा, गच्च डाग दिसला आणि त्यात एकही शीर दिसेना. काकांनी तिथल्या तिथे स्वतःला बाद केलं. कॅन्सर, दुसरं काय असणार.

मग ते निरवानिरवीला लागले. गळका नळ दुरुस्त केला, पंखा पुसला, काकूंना फ्यूज बदलायला शिकवलं. काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

"एवढे सुतासारखे सरळ झालात, काय लपवताय?"

"काही नाही गं."

"तुमचे कपडे मी धुते. पँटी ढगळ शिवून घ्यायला लागलात तेव्हाच मला कळलं. उठा, चप्पल घाला."

डॉक्टरांनी तपासलं, खोलीतला दिवा मालवला आणि हातातली बॅटरी सुजेला टेकवली. काकांनी डोळे गच्च मिटले.

"तो काळा डाग..." ते पुटपुटले.

"ते तुमचं वृषण आहे. ते तिथे असायलाच हवं. त्याच्याभोवती पाणी साचलंय, म्हणून उजेड आरपार जातोय. तरी सोनोग्राफी करून खात्री करू. पण डाग तुम्ही कुठे पाहिलात?"

काकांनी खरं काय ते सांगितलं. पडद्यापलीकडे काकू हसता हसता रडायला लागल्या.

सोनोग्राफीतही हायड्रोसील, म्हणजे नुसतं साचलेलं पाणीच निघालं. छोटंसं ऑपरेशन झालं. दुसरा कुणी असता तर आजारपणाच्या रजेत सगळं गुंडाळून मोकळा झाला असता. काका कामावर परतले आणि चहाच्या सुट्टीत सगळ्या पुरुषांसमोर उभे राहिले. कान लालबुंद झाले होते, तरी कडी-दिव्यासकट सगळं सांगितलं. माणसं पोट धरधरून हसली. काकांनी त्यांना हसू दिलं.

"अशा बहुतेक सुजा निरुपद्रवी असतात," मग ते म्हणाले. "कुणाला पाणी होतं, कुणाच्या शिरा फुगतात. पण आपली कुठली, ते आपण नाही ठरवायचं."

लाजाळू माणसाने चारचौघांत एवढं बोलावं, याला हिंमत लागते.

संध्याकाळी केंद्राच्या व्हॅनचा ड्रायव्हर अंधाऱ्या खोलीत आला. दुपारी सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता. त्याने दार लोटून घेतलं.

"काका, मलाही एक गाठ आहे. बरेच महिने झाले, घरी बोललो नाही. तुमच्या दिव्यावर जरा बघता? तुमचा शब्द मला पुरे."

काकांनी दिवा बंद केला आणि दार सताड उघडलं.

"या दिव्याला कोंबडीपलीकडचं काही कळत नाही," ते म्हणाले. "चप्पल घाल. मी येतो बरोबर."