आत्याशिवाय हळद

माझी आत्या मोरिवलीची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात कुणी काय आणि कधी करायचं, ते ती गाण्यातून सांगते. मी प्रयोगशाळेत रायबोसोमवर काम करते. पेशीत प्रथिनं बनवणारं हे यंत्र पन्नासाहून जास्त तुकड्यांचं असतं. काही मदतनीस प्रथिनं ते तुकडे नीट बसवून देतात आणि निघून जातात. तयार यंत्रात ती सापडतही नाहीत. तरी बहुतेक सगळ्या जिवाणूंनी ती पिढ्यानपिढ्या जपली आहेत. त्यातलं एक काढून टाकलं तर काय बिघडतं, हे बघायचा मला पगार मिळतो.

काहीच बिघडलं नाही. माझे जिवाणू मजेत वाढले आणि मी आठवडाभर तोंड पाडून फिरले. मग त्यांना थंडीत ठेवलं, तेव्हा कुठे त्यांची वाढ खुंटली. अर्धवट जुळलेले रायबोसोम नुसते साचून राहिले. मला पेढे वाटावेसे वाटले.

त्याच सुमारास चुलतबहिणीचं लग्न निघालं आणि तिच्या भावांनी आत्यालाच काढून टाकलं. उल्हासनगरचा इव्हेंटवाला सगळी धवलगीतं पेनड्राइव्हवर घेऊन आला. "आत्या, या टायमाला तू आराम कर," सगळे गोड बोलत होते. आत्या नवी साडी नेसून खुर्चीत बसली. "बगू कशी लागते हलद," माझ्या कानात म्हणाली. हळद झकास लागत होती. तिचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर अजून उल्हासनगरातच होता. नवरीचा एक गाल पिवळा, दुसरा कोरा. एक काकी तांब्या घेऊन पुढे जाई, दुसरी तिला मागे ओढी. आता पुढे काय, यावरून काका आणि मामा हमरीतुमरीवर आले. इव्हेंटवाला फोनवर "दो मिनट, दो मिनट" करत होता. एकेक करत सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्याने आधी कपातला चहा संपवला. मग ती गायला लागली आणि जो तो आपापल्या जागी गेला.

लाइट आली, डीजे दणाणला. आत्या अर्ध्या ओळीत थांबली आणि पदर सावरत निमूटपणे खुर्चीकडे निघाली. मला रडूच येणार होतं. इतक्यात नवरी पाटावरून उठली आणि हळदीच्या हातांनी तिने डीजेची वायर उपटली.

"अरे मॅडम, पूरा सेटिंग उड जाएगा!" इव्हेंटवाला कळवळला.

"बस खाली!" आत्या नवरीवर खेकसली. "उटायचं गानं आजून आलं नाय."