गरम का गार

रिक्षात बसताना वसंतभावजी मागं वळून म्हणाले, "वैनी, चार्जर बंद करा." छातीवर हात, कपाळाला घाम, आणि बोलणं हे. मी म्हटलं, "करते, तुम्ही निघा आधी." शेजारचे त्यांना घेऊन गेले, मी आत येऊन बटण बंद केलं. थोड्या वेळानं दवाखान्यातून फोन आला… संपलं होतं. शेवटी देवाचं नाव घेतलं का, असं भेटायला आलेल्या बायका विचारत होत्या. चार्जरचं घेतलं, असं मी सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

वसंतभावजी माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. माझे मालक गेल्यावर नवनगरच्या या घरात आम्ही दोघंच उरलो. फार पटायचं असं नाही. ते कानडी बातम्या मोठ्यानं लावायचे, मी आमटीत मीठ कमी घालायची. जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, यापलीकडं बोलणं जात नव्हतं. नोकरी संपल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत सेलचं काम काढलं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणून फोडायच्या, आतले बोटाएवढे सेल सुटे करायचे, आणि चांगले निवडून लोकांच्या दिव्यांत घालून द्यायचे. दाजीबानपेठेतले कापडवाले वीज गेल्यावर लावायचे दिवे त्यांच्याकडंच धाडायचे. मीटरवर सेल भरलेला दिसला म्हणजे चांगला असं नसतं, म्हणायचे. चार्ज होताना जो तापतो तो बाद. जो गार राहतो तो काही आठवडे नुसता ठेवायचा आणि पुन्हा मोजायचा. कुणी न वापरता आपोआप उतरला तर तोही बाद.

एकदा वाढताना बघितलं तर त्यांच्या बोटाला हा एवढा फोड.

"भावजी, हे कुठं भाजलंत?"

त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "भाजलंय होय?" म्हणाले.

साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाली होती, आणि हा माणूस महिनोन्महिने गप्प. हातानं चाचपून गरम सेल बाजूला काढणं हेच त्यांचं काम, आणि हाताला कळत नव्हतं. म्हणाले, "बाहेर बोलू नका. कळलं तर दिवा कोण आणून देईल? मग दिवसभर मी काय करू, भिंतीकडं बघू?" मी म्हटलं, "मला दुसरे उद्योग नाहीत काय, सांगत फिरायला?" तर म्हणाले, "उद्योग आहे. उद्यापासून दुपारी या आणि हात लावून सांगा."

तेव्हापासून रोज दुपारी मी चार्जरवरच्या एकेका सेलला हात लावायची. मी सांगायची, ते गरम सेल उचलून वाळूच्या डब्यात टाकायचे. पहिल्या दिवशी एकाला मी कोमट म्हटलं.

"कोमट काय वैनी? अंघोळीचं पाणी आहे काय? गरम का गार, एक सांगा."

"गरम. तुमच्या डोक्यासारखा."

ते हसले. या घरात ते माझ्या बोलण्यावर हसले, हे मला नवीन होतं. पुढं मग सेलला हात लावता लावता इतर बोलणंही निघायला लागलं. कुणाचं लग्न ठरलं, उणकलला किती नवी घरं उठली… घरातलाच म्हणून माझ्या मुलाला बोटांचं सांगितलं, तर त्यानं पुण्याहून उष्णता मोजायचं यंत्र धाडलं, काकांना सोपं पडेल म्हणून. भावजींनी त्यातले सेल काढले आणि भिंतीवरच्या घड्याळात घातले. यंत्र तसंच खोक्यात. का, हे मी विचारलं नाही.

ते गेल्यावर लोक आपापले दिवे न्यायला आले. उणकलचा फुलवाला दारातूनच ओरडला, "अण्णा, आतेन्री?" म्हणजे झालं का. मी म्हटलं, अण्णा गेले. मग मी त्याचा दिवा दिला, तर विचारतो, "आतले सेल चांगले आहेत ना अक्का?" मी म्हटलं, "गरम होत नाहीत. एवढंच मला कळतं. चांगला म्हणायचं काम त्यांचं होतं."

मुलगा रोज फोन करतो. आई, पुण्याला ये, इथं तुला हातसुद्धा हलवावा लागणार नाही म्हणतो. चांगलंच म्हणतो बिचारा. जाईन म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही.

एक सांगायचं राहिलं. गॅसपाशी तापलेल्या हाताला सगळं गार लागतं आणि भांडी घासून गारठलेल्या हाताला सगळं गरम. म्हणून भावजी मला आधी समोर बसवून ठेवायचे, हात मांडीवर ठेवून, काही न करता. अधूनमधून विचारायचे, "झाले का हात तयार?" अजून दुपारची भांडी आवरली की मी बाहेरच्या खोलीत जाऊन तशीच बसते. थोड्या वेळानं हात तयार होतात… विचारत कुणी नाही.