सहा लॅपटॉप नाकारणारी फिर्यादी

ती फिर्याद माझ्या मनातून अजून गेलेली नाही. दोन हजार सालानंतरचा काळ. जालना जिल्ह्यात लॅपटॉप मोजक्याच घरांत होते. बदनापूरची एक बाई लग्नांचं चित्रण करून त्याच्या सीडी बनवायची. तिचा लॅपटॉप घरातून चोरीला गेला आणि ती आमच्या पोलीस ठाण्यात आली.

"सायेब, लॅपटॉपचं दुःख मी गिळीन," ती म्हणाली. "पण त्यात एका पोरीचं लग्न हाय. तिच्या फौजी भावाला लग्नाला रजा भेटली न्हाई. आता तो रजेवर येऊन राह्यला, फक्त ते बघायला."

"मूळ कॅसेट?"

"ती परत वापरली, सायेब." चित्रण लॅपटॉपमध्ये उतरलं की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचं, ही त्या धंद्यातली रीत. कॅसेटवर आता दुसरीच नवरी होती.

गुन्हा नोंदवला. बिलावर 'लॅपटॉप, एक नग' एवढंच. सिरियल नंबर नाही. काही दिवसांनी नवीन जालन्यातल्या एका दुरुस्तीवाल्यानं खबर दिली. एक तरुण भारी लॅपटॉप घेऊन आला होता. पासवर्ड विसरलो म्हणाला, नवी हार्डडिस्क टाकून घेतली आणि जुनी घेऊन गेला. आम्ही तरुणाला लॅपटॉपसह आणलं. मशीन कोरं, आत फक्त गेम.

"माझाच हाय, सायेब. गेमसाठी घेतला. पावती हरवली."

ओळख पटवायला काहीच हाती नव्हतं. मी त्याला तिथेच बसवून शेजारच्या खोलीत फिर्यादीला विचारलं, "दुकानात इतके असताना हाच का निवडला?"

बाई सुरूच झाली. सात लॅपटॉप पाहिले, सहा नाकारले. प्रत्येकावर स्वतःचं चित्रण चालवून बघितलं. एक गरम व्हायचा. दोनांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, चित्र अडखळायचं. एकात रॅम एकच जीबी. उरलेल्या दोनांना कॅमेऱ्यातलं चित्रण उतरवून घेणारी फायरवायर केबल लावायची सोय नव्हती. "दुकानदार म्हणे, ताई, लग्न जमवून राह्यल्या का लॅपटॉप घेऊन राह्यल्या?"

मी मनातल्या मनात दाद दिली. आमच्यातल्या कितींनी एखादी वस्तू इतकी पारखून घेतली असेल?

परत जाऊन तरुणाला विचारलं, "आणखी कोणते पाहिले होते?"

"पहिलाच आवडला."

"बाजूचं हे छोटं छिद्र कशाचं?"

"मोबाईल चार्जिंगचं."

दारात उभ्या बाईला राहवलं नाही. "आरं बाबा, मंग इतके दिवस मी कॅमेऱ्याला चार्जिंग करून राह्यले का?"

हवालदारानं हसू दाबलं. तरुणाचा चेहरा उतरला. मी शांतपणे एकच विचारलं, "जुनी हार्डडिस्क कुठं आहे?"

तो म्हणाला, "घरी. बियाण्याच्या पिशवीत."

पंचांसमक्ष ती जप्त केली. न्यायालयाच्या आदेशानं मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, बाईला मिळाला. रात्रंदिवस बसून तिनं सीडी तयार केली. रजा संपण्याआधी फौजी भावानं बहिणीचं लग्न पाहिलं. पाठवणीचा भाग त्यानं पुन्हा लावायला सांगितला, असं बाईनं मला कळवलं.

त्यानंतर चोरीच्या मालाचा तपास करताना 'कुठून घेतला' याआधी मी 'काय काय नाकारलं' हे विचारू लागलो. खोटी पावती करता येते. पण नाकारलेल्या वस्तूंची आठवण फक्त खऱ्या मालकाकडेच असते.